सोलापुरातील वसाहतींच्या हिरव्या जागा आणि रहिवाशांचे स्वास्थ्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता, शेळगी या भागांतील नव्या वसाहतींतून, तसेच जुन्या पेठांमधूनही, ‘आमच्या मोकळ्या जागेचे काय करावे’ ही विचारणा सातत्याने होत असते. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा पुण्या-मुंबईतील एखाद्या गृहसंकुलाचे चित्र असते : मऊ हिरवळ, मधोमध कारंजे, कडेने रंगीत फुलझाडे. सोलापूरचे ऊन, पाणी आणि माती या चित्राला मानवणारी नाहीत. खालील उत्तरे लिहिताना तेच भान ठेवले आहे.

हिरव्या जागेचा मनःस्वास्थ्याशी खरोखर संबंध असतो का, की ती केवळ शोभा असते?

संबंध असतो, आणि त्याचा अभ्यास गेली चाळीस वर्षे होत आहे. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांच्या तुलनेत, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रेचेल आणि स्टीफन कॅपलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याच सुमारास असे मांडले की, कामात सतत ताणून धरलेले अवधान थकते आणि पानांची सळसळ किंवा पाखरांची ये-जा अशा, लक्ष हलकेच वेधणाऱ्या गोष्टींच्या सहवासात ते पुन्हा ताजे होते. यंत्रमागाच्या खडखडाटात आठ-दहा तास काढून घरी येणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१९ च्या एका अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितल्याचे दिसले. अर्थात, मुळात धडधाकट असलेलीच माणसे बाहेर अधिक पडत असतील, ही शंका अशा अभ्यासांबाबत रास्त ठरते. म्हणूनच फिलाडेल्फिया शहरात झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. तेथे ५४१ पडीक भूखंडांपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून स्वच्छ केले, त्यांवर गवत व थोडी झाडे लावली आणि लहानसे कुंपण घातले. काहींची केवळ सफाई केली आणि उरलेले तसेच ठेवले. हिरव्या केलेल्या भूखंडांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये ‘मन खिन्न असते’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसत्या सफाईने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काँग्रेस गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेले रिकामे प्लॉट ज्यांच्या दारासमोर आहेत, त्यांनी या प्रयोगाकडे लक्ष द्यावे. त्यात कारंजे नव्हते आणि खर्चही माफकच होता.

सोलापुरात आराखड्याची सुरुवात कशापासून करावी?

सावलीपासून. बाकीचे सारे त्यानंतर येते.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या शहरात, दुपारी अकरा ते पाच या वेळेत उघड्यावरची कोणतीही बाग रिकामीच राहते, मग ती कितीही देखणी असो. त्यामुळे जागेचा नकाशा काढण्यापूर्वी तिचे वेळापत्रक काढावे, असे आम्ही सुचवतो. सकाळी सहा ते आठ कोण येईल, दुपारी घरात असलेल्या स्त्रिया व वृद्ध कोठे बसतील, शाळेतून आलेली मुले साडेपाचला कोठे खेळतील आणि जेवणानंतर शतपावली करणारे कोणत्या बाजूने चालतील, हे एका कागदावर मांडले की कोणत्या ठिकाणी किती वाजता सावली हवी ते आपोआप स्पष्ट होते.

येथे एक भौगोलिक गोष्ट ध्यानात घ्यावी. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी इमारतीची किंवा कुंपणाची भिंत काहीच सावली देत नाही. वरून पसरलेले छत्र असेल तरच बचाव होतो. याउलट दुपारी तीननंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरपे येते आणि तेच भिंती सर्वाधिक तापवते. म्हणून बसण्याच्या जागांवर पसरट झाडे आणि इमारतींच्या पश्चिमेला उंच व दाट झाडे, अशी मांडणी ठेवावी. झाडाखाली हवेचे तापमान फार उतरत नाही. पण थेट ऊन आणि तापलेल्या फरशीची धग यांपासून अंग वाचते, आणि माणसाला गारवा वाटतो तो मुख्यतः त्यामुळेच.

बाकांचे साहित्यही याच हिशेबात धरावे. स्टीलचे बाक सकाळी दहानंतर टेकवत नाहीत. शहाबादी फरशीचा साधा ओटा मात्र कडुनिंबाखाली असेल तर भर दुपारीही थंड लागतो. उघड्यावर तीच फरशी तव्यासारखी तापते. दोष फरशीचा नसतो.

लॉन लावावी का?

शक्यतो लावू नये. लावायचीच असेल तर बसण्याएवढ्या लहान तुकड्यात लावावी. उन्हाळ्यात एका चौरस मीटर हिरवळीला दिवसाकाठी पाच-सहा लिटर पाणी लागते. म्हणजे २०० चौरस मीटरच्या लॉनला रोज हजार लिटरहून अधिक पाणी हवे. जेथे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते आणि ते साठवण्यासाठी घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात, तेथे हा खर्च शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही. एका गृहसंकुलात सलग दोन उन्हाळे टँकरने लॉन जगवली गेली. तिसऱ्या वर्षी सर्वसाधारण सभेत त्यावरून एवढे रण माजले की लॉन तर गेलीच, पण झाडांसाठीचा निधीही गोठला.

पर्याय आपल्या माळरानातच आहे. सोलापूरची मूळ हिरवाई म्हणजे काही घनदाट जंगल नव्हे, ते गवताळ माळ आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले नान्नजचे अभयारण्य ही त्याचीच साक्ष होय. मारवेल, पवन्या यांसारखी गवते पावसाळ्यात हिरवी होतात, दिवाळीनंतर सोनेरी पडतात आणि पुन्हा पावसाची वाट पाहत तग धरतात. जागेच्या एका कडेला असा पट्टा राखला तर फुलपाखरे व लहान पक्षी येतात आणि पाण्याचा खर्च जवळपास शून्य राहतो. वाळलेले गवत उन्हाळ्यापूर्वी कापून घ्यावे, कारण ते पेट घेते. पायाखाली हिरवे हवेच असेल तर हरळी पुरेशी आहे. तिच्या दूर्वा गणपतीला चालतात, तर ती अंगणाला का चालू नये?

पाणी आणायचे कोठून?

शहराचा मोठा आधार असलेले उजनीचे पाणी दूरवरून येते आणि पिण्यासाठीच पुरवून पुरवून वापरावे लागते. बागेने त्यावर हक्क सांगू नये. बागेसाठी तीन वाटा उरतात.

पहिली वाट छतावरच्या पावसाची. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, हे गणित पाठ असावे. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटरची एक सर आली, तर ४,००० लिटर पाणी पडते आणि गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील मोठा भाग हाती लागतो. ते साठवता आले तर उत्तम. नाही तर झाडांच्या ओळीलगत उथळ चर काढून त्यांत सोडावे, म्हणजे ते मुळांपाशीच मुरते. नव्या बांधकामात तर पर्जन्यजल संधारणाची अट मोठ्या भूखंडांना लागूच आहे. फक्त तो खड्डा बागेपासून दूर वाहनतळाच्या कोपऱ्यात खणून मोकळे होण्याची प्रथा सोडावी लागेल.

दुसरी वाट सांडपाण्याची. दरडोई रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मानक धरले जाते आणि त्यातील मोठा वाटा न्हाणीत व कपडे धुण्यात जातो. शौचालयाची वाहिनी वेगळी ठेवून हे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून आणि कर्दळ, केळी, अळू लावलेल्या वाफ्यातून फिरवले की ते झाडांना देता येते. साबणातील क्षार मातीत साचू नयेत म्हणून पावसाळ्यात हा प्रवाह बंद ठेवून माती पावसाने धुऊ द्यावी. कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल तर तेथेही हाच नियम पाळावा.

तिसरी वाट म्हणजे असलेले पाणी उडू न देणे. ठिबक किंवा झाडाच्या बुंध्याजवळ पुरलेले मडके, आणि वर पालापाचोळ्याचे चार-सहा इंच आच्छादन, एवढ्याने गरज बरीच घटते. रोज सकाळी पाने झाडून जाळण्याची आपली सवय मात्र कोणत्याही तंत्रज्ञानाने सुटत नाही.

काळ्या मातीमुळे फरशा उखडतात आणि रोपे मरतात. काय करावे?

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. त्यामुळे तिच्यावर थेट बसवलेली फरशी किंवा सिमेंटची पायवाट दोन-तीन वर्षांत तडकते. पायवाटेखालची काळी माती काढून तेथे मुरमाचा थर दाबून बसवावा आणि वर वाळूच्या थरावर सुट्या फरशा मांडाव्यात. एखादी उचलली गेली तर तेवढीच पुन्हा बसवता येते. निव्वळ चोपलेल्या मुरमाची पायवाट तर गुडघ्यांनाही सोसते आणि पाणीही मुरू देते.

रोपासाठी किमान एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावा. भरताना काळी माती, मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. खाली खडक लागला तर खड्डा पाण्याने भरून किती वेळात उतरतो ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेले असेल तर तेथे झाड लावू नये.

कोणती झाडे लावावीत?

झाडे निवडताना लोक फुले पाहून निवडतात. आमची विनंती अशी की, ते झाड एप्रिलमध्ये कसे दिसते ते आधी पाहावे. बहावा, पळस, पांगारा ही आपल्या मातीची अप्रतिम झाडे आहेत. पण ऐन उन्हाळ्यात, जेव्हा सावलीची गरज सर्वाधिक, तेव्हा ती बहुतांश निष्पर्ण किंवा विरळ पानांची असतात. ती प्रवेशद्वारापाशी किंवा कडेला शोभतात. बाकावर सावली धरण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये.

ते काम कडुनिंब, करंज, चिंच आणि जागा मुबलक असल्यास वड यांचे. कडुनिंबाची पानगळ होळीच्या आगेमागे होते आणि गुढीपाडव्याला कोवळी पालवी व मोहर यांनी तो पुन्हा भरलेला असतो, म्हणजे उन्हाची तिरीप वाढण्याआधीच त्याचे छत्र तयार असते. करंजही लवकरच तकतकीत पानांनी झाकला जातो. चिंच सावकाश वाढते, परंतु नातवंडांसाठी लावावे असे तेच झाड आहे. बकुळ संथ वाढणारी, पण सदाहरित आणि मुळांनी त्रास न देणारी असल्याने अरुंद जागेत इमारतीजवळ योग्य ठरते. जांभळाला पाणी अधिक लागते, तेव्हा ते सांडपाण्याच्या वाफ्यापलीकडे लावावे. आपटा आणि शमी दसऱ्याला हव्याच असतात. त्या निमित्ताने कोणाच्या तरी झाडाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, ते तरी थांबेल.

झुडपांत तगर, अडुळसा, निर्गुडी, पारिजातक, मोगरा ही सारी कमी पाण्यावर निभावतात. जिल्ह्याची ओळख असलेले डाळिंब आणि माळावर सहज येणारे सीताफळ ही लहान बागेसाठी उत्तम फळझाडे आहेत. सुगंधाचा विचारही आराखड्यात जरूर असावा, कारण दृष्टी अधू झालेल्या आजी-आजोबांना बाग कळते ती मोगऱ्याच्या वासाने आणि पाखरांच्या आवाजाने.

कोणती झाडे टाळावीत?

कोनोकार्पस झटपट हिरवा पडदा उभा करतो म्हणून अनेक वसाहतींत लावला गेला, परंतु त्याचे परागकण आणि जलवाहिन्यांत शिरणारी मुळे यांबाबतच्या तक्रारींमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सुबाभूळ आवरत नाही. गुलमोहर वादळी वळवाच्या पावसात मोडतो, म्हणून वाहनतळाजवळ व खेळाच्या जागी नको. पिंपळ आणि उंबर भिंतीपासून दूर असावेत. कण्हेर विषारी आहे; लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी ती लावू नये.

वसाहतीत किती मोकळी जागा असणे बंधनकारक आहे?

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या क्षेत्राच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुल्या जागेचे उद्दिष्ट सुचवले आहे. नियम जागेचे प्रमाण सांगतो. ती जागा कोठे असावी हे मात्र रहिवाशांनी घर घेतानाच पाहावे. बहुतेक वेळा उरलेला, तिरपा, नाल्याकडेचा तुकडा ‘ओपन स्पेस’ म्हणून दाखवला जातो. घरांच्या मधोमध, खिडक्यांतून दिसणारी लहान जागासुद्धा अशा मोठ्या तुकड्यापेक्षा अधिक वापरली जाते.

असलेले झाड तोडायचे असेल तर १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षण मिळाले असून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद झाली आहे. आराखडा करताना जुने झाड आधी नकाशावर काढावे आणि इमारत त्यानुसार सरकवावी. चाळीस वर्षांची चिंच कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

जुन्या पेठांमध्ये जागाच नाही. तेथे काय शक्य आहे?

डच वंशाचे नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेंदाइक यांनी २०२१ मध्ये ‘३-३०-३००’ असा सुटसुटीत ठोकताळा मांडला : प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछत्र असावे आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. साखर पेठ किंवा मंगळवार पेठेत ३० टक्के छत्राचे स्वप्न पाहणे अवघड आहे. पण तीन झाडे दिसणे हे तितके अशक्य नाही. गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब, शाळेच्या किंवा मंदिराच्या आवारात एक, आणि एखाद्या वाड्याच्या चौकात पारिजातक, एवढे जमले तरी अनेक खिडक्यांना हिरवे काही दिसू लागते.

सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि भुईकोट किल्ल्यालगतची बाग ही मध्यवस्तीची सामाईक अंगणे आहेत. पेठांतून तेथपर्यंत सावलीतून, गाड्यांच्या गर्दीत न सापडता चालत जाता येईल अशी वाट करणे हे नवी बाग करण्याइतकेच मोलाचे काम आहे. गच्चीवर कुंड्या ठेवताना मात्र स्लॅबची ताकद जाणकाराकडून तपासून घ्यावी. ओली माती फार जड असते.

विडी कामगारांच्या घरकुलांसाठी वेगळा विचार करावा लागतो का?

निश्चितच, आणि आमच्या मते या शहरातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कुंभारी येथे २००६ मध्ये १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि त्याच परिसरातील रे नगर प्रकल्पातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. या घरांतील असंख्य स्त्रियांसाठी घर हेच कामाचे ठिकाण असते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, अशा बैठकीत दिवसाचे कितीतरी तास जातात. मान, पाठ, डोळे थकतात आणि तंबाखूची धूळ बंद खोलीत साचून राहते.

अशा वस्तीत ‘फिरण्यासाठी ट्रॅक’ ही मागणी बहुधा बाहेरच्या माणसाची असते. येथील स्त्रियांना हवी असते ती चार-सहा जणींनी एकत्र बसून काम करता येईल अशी सावली. तीही कशी, हे बारकाईने पाहावे लागते. पान कातरण्यासाठी उजेड भरपूर हवा, म्हणून छत्र फार दाट नको. वाऱ्याची झुळूक हवी, पण झोत नको, कारण तंबाखू उडते आणि पाने सुकतात. त्यामुळे पश्चिमेला कमरेइतक्या उंचीची जाळीदार भिंत किंवा अडुळशाचे कुंपण, वर करंजाची विरळसर सावली, पाठ टेकता येईल असा रुंद ओटा, हात धुण्यासाठी नळ आणि तेथूनच नजरेच्या टप्प्यात मुलांची खेळायची जागा, अशी रचना उपयोगी पडते. लहान मुले तंबाखूपासून दूर, पण आईला दिसतील अशी असावीत. आराखडा करण्यापूर्वी या स्त्रियांशी तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा मराठीत, जी त्यांची भाषा असेल तीत, ओट्यावर बसूनच बोलावे. कार्यालयातील बैठकीला त्या येणार नाहीत, कारण त्या दिवसाच्या विड्या कोण वळणार?

मुलांच्या खेळासाठी काय असावे?

लोखंडी घसरगुंडीचे तोंड उत्तरेला आणि ती झाडाच्या सावलीत असावी, अन्यथा मे महिन्यात कोवळी कातडी भाजते. रबरी फरशाही उन्हात तापतात. घसरगुंडी व झोक्याखाली ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर पुरेसा आणि स्वस्त आहे. खेळण्यांची संख्या कमी असली तरी चालेल. मातीचा एक उंचवटा, चढण्याजोगे एक झाड आणि लगोरी-विटीदांडूसाठी एक मोकळा तुकडा यांनी मुले अधिक रमतात. क्रिकेटचा प्रश्न वेगळा आहे. तो कोणत्याही आराखड्याने सुटलेला नाही.

ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींसाठी कोणती काळजी घ्यावी?

पायवाट किमान दीड मीटर रुंद, उतार १:१२ पेक्षा तीव्र नाही, दर ३०-४० मीटरवर बाक, बाकाची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर आणि उठताना आधाराला हात टेकण्याची सोय, एवढे तर असावेच. पण ज्येष्ठ बागेत येत नाहीत याचे खरे कारण पुष्कळदा कोणी बोलून दाखवत नाही : जवळ शौचालय नसते. बाक ओळीने न मांडता काटकोनात मांडावेत, म्हणजे मान न वळवता गप्पा होतात.

झाडी वाढली तर स्त्रियांना असुरक्षित वाटणार नाही का?

झाडीचा प्रकार कोणता, यावर ते अवलंबून आहे. शिकागो येथील सार्वजनिक गृहसंकुलातील ९८ इमारतींच्या नोंदी तपासून २००१ मध्ये फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी दाखवले की, ज्यांच्याभोवती हिरवाई अधिक तेथे नोंदले गेलेले गुन्हे कमी होते. ती हिरवाई मुख्यतः उंच छत्राची झाडे आणि आखूड गवत अशी होती, माणूस लपेल अशी दाट झुडपे नव्हती. म्हणून गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली नजर मोकळी राहील असे पाहावे, दिवे झाडाच्या फांद्यांखाली बसवावेत आणि बागेला बाहेर पडण्याच्या दोन वाटा असाव्यात.

डास आणि साप वाढतील का?

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. कुंड्यांखालच्या बशा, बंद पडलेले कारंजे आणि उघडी पिंपे ही त्याची घरे आहेत, झाडे नव्हेत. आठवड्यातून एकदा ती कोरडी करावीत. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे.

मोकळ्या जागेत मंदिर, मांडव किंवा वाहनतळ करावा असा आग्रह होतो. त्याचे काय?

गणेशोत्सवासाठी चार खांब रोवण्याच्या खाचा आणि विजेची जोडणी आराखड्यातच ठेवली तर झाडांच्या बुंध्यांना दोर बांधण्याची वेळ येत नाही. उत्सव दहा दिवसांचा असतो, त्याला जागा द्यावी. कायमच्या बांधकामाला मात्र देऊ नये; अभिन्यासातील मोकळी जागा सर्वांची असते आणि एकदा तिच्यावर छप्पर चढले की ती परत मिळत नाही. वाहनांबाबत एवढेच सुचवता येईल की, कडेने कमरेइतक्या उंचीचे दगड रोवावेत. फलकांचा काही उपयोग होत नाही.

देखभाल कोण करणार?

माळी एकटा बाग जगवू शकत नाही. प्रत्येक रोपाची जबाबदारी एका घराकडे देणे आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांची नोंदवही ठेवणे हा साधा उपाय आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी खर्च होणारा निधी निम्मा करून उरलेला त्या तीन वर्षांच्या पाण्यासाठी, आच्छादनासाठी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्यासाठी बाजूला काढावा. शंभर रोपे लावून फोटो काढण्यापेक्षा वीस लावून अठरा जगवलेली बरी.

झाड मोठे होईपर्यंत सावलीचे काय?

कडुनिंबाखाली बसता यावे इतके छत्र यायला साधारण पाच-सहा वर्षे लागतात. तोवरची सोय पहिल्याच वर्षी करावी, नाही तर लोक त्या जागेची सवय सोडतात आणि ती पुन्हा लागत नाही. बांबूचा किंवा लोखंडी नळ्यांचा मांडव घालून त्यावर शेडनेट ताणावे आणि पायथ्याशी मधुमालती किंवा गारवेल सोडावी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वेल जाळीची जागा घेऊ लागतो. मांडवाच्या दोन्ही बाजूंना शेवगा लावावा. तो वर्ष-दीड वर्षात डोक्याच्या वर जातो, विरळ का होईना सावली धरतो आणि शेंगाही देतो. फांद्या ठिसूळ असल्याने मुलांना मात्र त्यावर चढू देऊ नये. कायमची सावली देणारी झाडे जून-जुलैमध्ये, चांगले दोन पाऊस झाल्यावर, मांडवाच्या बाहेर तीन-चार मीटरवर लावावीत. त्यांचे छत्र मांडवाला भिडले की आधी शेवगा काढावा, मग नळ्या सोडवून पुढच्या मोकळ्या तुकड्याकडे न्याव्यात.